मुंबईच्या उकाड्यात वाइनचा ग्लास: तीन आकारांची पारख

क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास काचसामानाची जी जुनी दुकाने आहेत, त्यांपैकी एका दुकानातून एप्रिलच्या सुरुवातीला मी वाइनच्या सहा ग्लासांचा संच ३,६०० रुपयांना घेतला. त्यात तीन आकारांच्या जोड्या आहेत: रेड वाइनसाठी मोठ्या पोटाचा, व्हाइट वाइनसाठी मध्यम आणि स्पार्कलिंग वाइनसाठी उंच, निमुळता फ्लूट. स्वयंपाकघरातल्या मापाने काठोकाठ पाणी भरून पाहिले, तेव्हा मोठ्यात सुमारे साडेसहाशे, मध्यम ग्लासात साडेतीनशे आणि फ्लूटमध्ये दोनशे मिलिलिटर पाणी मावले. खोक्यावर जिभेचे चित्र छापलेले आहे आणि प्रत्येक आकार वाइनला जिभेच्या ‘योग्य’ भागावर नेऊन सोडतो, असा दावा केलेला आहे. एवढे पैसे मोजल्यावर हा दावा तपासून पाहणे मला आवश्यक वाटले, म्हणून सलग तीन शनिवारी संध्याकाळी मुलुंडच्या आमच्या घरी दादा, वहिनी आणि मी हे ग्लास नीट पारखले.

जिभेच्या चित्राचा निकाल आधी लावतो, कारण ते चित्रच चुकीचे आहे. गोड टोकाला, कडू मागे आणि आंबट कडांना, ही वाटणी डेव्हिड हेनिग या जर्मन शास्त्रज्ञाच्या १९०१ सालच्या निबंधातून निघाली. त्याने नोंदवलेले फरक अगदी बारीक होते, पण पुढे १९४२ मध्ये अमेरिकेतल्या एडविन बोरिंग या मानसशास्त्रज्ञाने ते ज्या आलेखात मांडले, त्यावरून जिभेचे कप्पेच पडलेले असतात असा समज पसरला. प्रत्यक्षात या सगळ्या चवी जिभेच्या सर्व चवग्राही भागांना कळतात. आम्ही याचा एक सोपा पडताळा घेतला. नाक चिमटीत धरून सॉव्हिन्यों ब्लां ही एकच व्हाइट वाइन तिन्ही ग्लासांतून आणि शिवाय कटिंग चहाच्या ग्लासातून प्यायली, तेव्हा चारही घोटांचा आंबटपणा आम्हा तिघांनाही सारखाच लागला. चिमटी सोडल्याबरोबर मात्र घशाकडून वर आलेल्या वासाने ती वाइन एकदम उलगडली.

आकाराचा संबंध आहे तो या वासाशी. ग्लासाचे पोट जिथे सर्वांत रुंद असते तिथपर्यंत वाइन ओतली, तर हवेला भिडणारा तिचा पृष्ठभाग सर्वांत मोठा होतो आणि वासाची द्रव्ये भराभर सुटतात. वर काठाकडे ग्लास निमुळता होत गेल्यामुळे ती लगेच उडून न जाता वाइनच्या वरच्या मोकळ्या जागेत साठतात. दर्दी मंडळी ग्लास गोल फिरवतात तेही याचसाठी, आणि निमुळत्या काठामुळेच फिरवताना वाइन सांडत नाही. द्राक्षाच्या जातीनुसार ग्लासाचा आकार ठरवण्याची कल्पना ऑस्ट्रियाचे ग्लास-उत्पादक क्लाउस रीडल यांनी १९७३ च्या आपल्या मालिकेतून जगभर नेली. चव घेणाऱ्या परीक्षकांसाठीही १९७७ पासून एक आंतरराष्ट्रीय मानक आहे: आयएसओ ३५९१. तो ग्लास जेमतेम २१५ मिलिलिटरचा असून त्याचे पोट ६५ आणि तोंड ४६ मिलिमीटर रुंद असते. परीक्षकाचे काम एवढ्या लहान ग्लासात भागते, ही गोष्ट मोठे ग्लास विकत घेण्याआधी प्रत्येकाने लक्षात घ्यावी.

पारख करताना डोळ्यांवर पट्टी तर बांधलीच, पण ग्लास हातातही घेतला नाही, कारण वजनावरून आकार लगेच ओळखू येतो. वहिनी दांडी धरून एकेक ग्लास नाकाखाली आणत होती आणि दादा लिहून घेत होता. मग जागा बदलून तिघांनीही तेच केले. नाशिकची शिराझ ही रेड वाइन कटिंगच्या ग्लासात जवळजवळ मुकी होती, नुसता अल्कोहोल नाकाला झोंबत होता. मध्यम ग्लासात तीच वाइन आधी जांभळाचा आणि मागाहून मिरीचा स्पष्ट वास देऊ लागली. शिराझमधला हा मिरीचा वास रोटंडोन नावाच्या द्रव्यामुळे येतो आणि हेच द्रव्य आपल्या काळ्या मिरीतही असते, त्यामुळे मसाल्याचा डबा रोज उघडणाऱ्या वहिनीने तो सर्वांच्या आधी पकडला. मोठ्या ग्लासात वास अधिक मोकळा आणि मऊ वाटला, यात शंका नाही. पण दहा मिनिटांनी त्याच ग्लासातून पुन्हा अल्कोहोल वर येऊ लागला, आणि या पारखीतला माझ्या दृष्टीने सर्वांत महत्त्वाचा मुद्दा इथेच आहे.

टोकियोच्या वैद्यकीय व दंतवैद्यकीय विद्यापीठात कोजी मित्सुबायाशी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ग्लासातून उठणाऱ्या अल्कोहोलच्या वाफेचे कॅमेऱ्याने चित्रण केले. वाइन १३ अंश सेल्सिअसवर असताना वाइनच्या ग्लासात ही वाफ काठालगत कड्यासारखी गोळा झाली आणि मध्यभागी विरळ राहिली, म्हणजे मधोमध नाक नेणाऱ्याला अल्कोहोल न झोंबता वाइनचा वास घेता येतो. सरळ ग्लासात आणि मार्टिनीच्या ग्लासात असे कडे दिसले नाही. आणि वाइनचे तापमान वाढवल्यावर ते वाइनच्या ग्लासातही दिसले नाही. आता आपल्याकडचा एप्रिल पाहा. त्या शनिवारी रात्री आठ वाजता आमच्या दिवाणखान्यात ३१ अंश होते. ‘रेड वाइन खोलीच्या तापमानाला प्यावी’ हा सल्ला थंड देशांतल्या घरांसाठी आहे, आणि तो इथे जसाच्या तसा पाळला तर ग्लास कितीही सुबक असला तरी त्याचा उपयोग उरत नाही. मोठ्या ग्लासाचे नुकसान तर दुहेरी होते, कारण त्यात वाइन पातळ थरात पसरते आणि लवकर तापते. पुढच्या शनिवारी शिराझ तासभर फ्रिजमध्ये ठेवली, १७ अंशांवर बाहेर काढली आणि एका वेळी फक्त ७५ मिलिलिटर ओतली, तेव्हा मोठा ग्लासही शेवटच्या घोटापर्यंत छान वागला.

सॉव्हिन्यों ब्लांच्या बाबतीत तिघांचे मत एकच पडले. मध्यम ग्लासात पेरू आणि ताज्या कापलेल्या ढोबळी मिरचीचा वास इतका ठळक होता की दादाने तो लिहून देण्याआधीच मोठ्याने सांगून टाकला आणि ती फेरी आम्हाला पुन्हा घ्यावी लागली. मोठ्या ग्लासात तोच वास पसरट झाला.

फ्लूटने मात्र निराशा केली. बुडबुड्यांची वर चढणारी माळ त्यात फार सुंदर दिसते आणि पसरट ग्लासापेक्षा फसफस अधिक वेळ टिकते, हे खरे आहे. पण अरुंद तोंडाशी कार्बन डायऑक्साइड दाटून राहतो आणि वास घ्यायला गेले की नाकाला टोचतो. फ्रान्समध्ये शॅम्पेनच्याच प्रदेशात, रॅंस विद्यापीठात, जेरार लिजे-बेलेर या शास्त्रज्ञांनी हा वायू मोजून दाखवलेला आहे. स्पार्कलिंग वाइन मध्यम ग्लासात ओतल्यावर बुडबुडे थोडे लवकर मंदावले, पण वाइनला पहिल्यांदाच फळाचा वास आला.

घडणीबद्दल थोडेसे. काठ कापून घासलेला, पातळ आहे, ओठाला गोळीसारखी जाड कड लागत नाही. या किमतीला हे विशेष म्हणावे लागेल. एका मोठ्या ग्लासाचा तळ डुगडुगत होता आणि तो बदलून मिळवण्यासाठी मला दुकानात दोन खेपा घालाव्या लागल्या. धुण्यासाठी मऊ कापड आणि कोमट पाणी पुरते, मात्र पोट आणि दांडी एकाच वेळी विरुद्ध दिशांना पिळू नये, दांडी तिथेच तुटते. पावसाळ्यात हे ग्लास बंद कपाटात पालथे ठेवू नयेत, दमट लाकडाचा वास आत कोंडतो आणि तोच पुढे वाइनमध्ये येतो. माझ्या कपाटात डांबराच्या गोळ्या होत्या, त्या आता काढल्या आहेत.

संपूर्ण संच घ्यावा असे मी सुचवणार नाही. ज्यांच्या घरी महिन्यातून दोन-तीनदा बाटली उघडते, त्यांनी मध्यम आकाराचेच चार किंवा सहा ग्लास घ्यावेत, आणि उरलेल्या पैशांतून बाटलीला लावायचा साधा तापमापक घ्यावा. दुकानदाराकडे मध्यम ग्लास सुटे मिळतात, ५५० रुपयांना एक. मी आणखी चार आणले आहेत.