गावाबाहेरच्या वाटेचे एचिंग: ठाण्यात घेतलेले एक मुद्राचित्र

नौपाड्यातील चित्रे आणि फ्रेमच्या एका छोट्या दुकानातून घेतलेल्या एचिंगविषयी, म्हणजे आम्लाने कोरलेल्या धातूच्या पत्र्यावरून कागदावर छापलेल्या चित्राविषयी, हे लिहीत आहे. विषय अगदी साधा आहे: देशावरच्या एखाद्या गावाबाहेरचा कच्चा रस्ता, कडेला निवडुंगाचे कुंपण, डावीकडे एक बाभूळ आणि टोकाला तीन-चार कौलारू घरे. रस्त्यावर माणूस नाही, गुरे नाहीत, बैलगाडीही नाही. मात्र चाकोऱ्या आहेत, आणि माझ्या मते सारे चित्र त्या चाकोऱ्यांनीच पेलले आहे.

एचिंगमध्ये तांब्याच्या किंवा जस्ताच्या पत्र्यावर आम्लरोधक थर देतात, सुईने रेघा ओढून धातू उघडा करतात आणि पत्रा आम्लात बुडवतात; तो जितका अधिक वेळ आत राहील तितकी रेघ खोल जाते, तिच्यात शाई अधिक मावते आणि कागदावर ती तितकीच गडद उतरते. जवळ-दूरचे सारे अंतर चित्रकाराने एवढ्या एका गोष्टीवर उभे केले आहे. अगदी पुढच्या चाकोरीची कड इतकी खोल गेली आहे की तिरप्या उजेडात कागदावर शाईचा उंचवटा दिसतो, तर घरांमागचा डोंगर केसाएवढ्या फिकट रेघांत आटोपला आहे. दोन चाकोऱ्यांमधल्या पट्ट्यात तर जवळजवळ रेघच नाही. तिथे कोरा कागदच दुपारचे ऊन होतो, आणि हा संयम मला फार मोलाचा वाटतो. डच चित्रकार रेम्ब्राँटने १६४३ सालच्या ‘तीन झाडे’ या एचिंगमध्ये आभाळ वादळाने भरून टाकले होते. इथे आभाळ मोकळे ठेवल्यामुळे नजर रस्ता सोडून कुठे जात नाही.

एक उणीव सांगायला हवी. छापण्यापूर्वी पत्र्यावरची जादा शाई पुसताना मुद्दाम राखलेला तिचा पातळ थर डाव्या कोपऱ्यात जड झाला असून तेवढे आभाळ मळकट दिसते. पत्रा दर वेळी हाताने पुसला जात असल्याने एकाच आवृत्तीतील दोन प्रती तंतोतंत सारख्या निघत नाहीत, तेव्हा दुकानात दुसरी प्रत असेल तर ती शेजारी ठेवून पाहावी आणि मगच निवड करावी.

दुकानाची वागणूक उत्तम आहे. सुरुवातीला कापलेल्या माउंटखाली, म्हणजे चित्राभोवतीच्या खिडकी कापलेल्या पुठ्ठ्याखाली, पत्र्याच्या दाबाची खूण आणि समासात पेन्सिलीने लिहिलेला प्रतीचा क्रमांक झाकला जात होता. सांगताच त्यांनी कुरकुर न करता मोठ्या खिडकीचा माउंट कापून दिला. ठाण्याच्या पावसाळी दमट हवेत कागदाला बुरशी चटकन लागते, म्हणून कागद काचेला टेकणार नाही एवढी जागा ठेवून घ्यावी, माउंट आम्लमुक्त मागावा आणि चिकटपट्टी थेट चित्राला लावू देऊ नये. किंमत आकाराच्या मानाने जास्त वाटेल, पण हाताने काढलेल्या मर्यादित प्रतींच्या छापाला ती मला रास्त वाटली.