कावीळ कळवायची कधी: संशयावर की रिपोर्टवर?

डोळे पिवळे, लघवी गडद, जेवण नको, असा पेशंट खासगी दवाखान्यात आला की डॉक्टरांपुढे दोन पर्याय असतात. लक्षणांवरून त्याच दिवशी 'पी' फॉर्म (संशयित रुग्णाची सरकारी नोंद) भरायचा, नाहीतर लॅबच्या 'एल' फॉर्मवर (तपासणीत पक्क्या ठरलेल्या रुग्णाची नोंद) विसंबून थांबायचं. २०२१ पासून दोन्ही आयएचआयपी या सरकारच्या रोगनोंदणी पोर्टलवर भरता येतात; लॉगिनसाठी जिल्हा सर्वेक्षण कक्षाला गाठावं.

आमचं मत सरळ आहे. पाण्यातून येणारी, म्हणजे हिपॅटायटिस (विषाणूमुळे होणारी कावीळ) ए किंवा ई असण्याची शक्यता वाटली तर संशयावर कळवा. बी आणि सी मात्र तपासणीनंतरच.

कारण हिशेबाचं आहे. ए ची लागण झाल्यापासून कावीळ दिसेपर्यंत साधारण ४ आठवडे जातात, ई ला २ ते १० आठवडे. म्हणजे पहिला पेशंट समोर बसतो तेव्हा गळकी पाइपलाइन महिनाभर गटाराचं पाणी ओढत असू शकते. त्यात रिपोर्टचे आणखी चार दिवस का घालवायचे? २०१२ मध्ये इचलकरंजीत काविळीची साथ आली तेव्हा पाण्याकडेच बोट होतं. संशयाच्या काही केसेस पुढे लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस), दारूची कावीळ किंवा पित्ताशयातला खडा निघतील, निघू द्यात. नळाच्या पाण्यात ०.२ मिलिग्रॅम प्रतिलिटर क्लोरीन उरतंय का, हे एकदा जास्त तपासलं तर कुणाचं काही बिघडत नाही. एकाच गावात किंवा हजार वस्तीत वेगवेगळ्या घरांतले दोनपेक्षा जास्त पेशंट दिसले, तर फॉर्म नंतर, आधी फोन.

'एल' फॉर्मची किंमत वेगळी आहे: कोणता विषाणू, हे तोच सांगतो. ३ ते ५ मिली रक्त साध्या ट्यूबमध्ये घ्यावं, सीरम वेगळं करून २ ते ८ अंशांवर पाठवावं. चुका मात्र इथेच जास्त. ए साठी 'टोटल' अँटिबॉडी करून ताजी लागण म्हणून कळवतात. ती जुनी लागण किंवा लस असली तरी पॉझिटिव्ह येते. ताज्या लागणीत दिसणारी आयजीएम अँटिबॉडीच लागते. ताजी कावीळ आणि एचबीएसएजी (बी विषाणूचा रक्तात सापडणारा अंश) पॉझिटिव्ह दिसलं की 'बी' लिहून मोकळं होतात, पण माणूस जुना वाहक असून आत्ताची कावीळ ई ची असू शकते. म्हणून बी चं कोअर आयजीएम (बी ची ताजी लागण दाखवणारी तपासणी) आणि ई चं आयजीएम दोन्ही पाहावं.

आता पत्ता. दोन्ही फॉर्म इथे सर्वात जास्त फसतात. दवाखाना कोल्हापुरातल्या शाहूपुरीत, पेशंट शिरोळचा, आणि फॉर्मवर लिहिलेला वॉर्ड दवाखान्याचा! मग महापालिकेचे लोक भलतीच लाइन तपासत बसतात. राहण्याचं ठिकाण, पाणी कुठलं पितो, मेस किंवा हॉस्टेल आहे का, हे विचारा. ऊसतोड टोळीतला मजूर असेल तर आधारवरचं गाव नव्हे, आत्ता टोळी जिथे उतरली आहे ते शिवार लिहा. तारीखही पिवळेपणा पहिल्यांदा दिसला तेव्हाची हवी. गावठी औषध घेऊन दोन आठवड्यांनी आलेल्याची दवाखान्यातली तारीख टाकली, तर लागण कधी झाली याचा शोध तेवढाच पुढे सरकतो.

बी आणि सी मध्ये अशी घाई नाही, पण पाठपुरावा जास्त. सी ची अँटिबॉडी बरं झाल्यावरही पॉझिटिव्ह राहते, म्हणून विषाणू आत्ता रक्तात आहे का हे सांगणारी आरएनए तपासणी झाल्याशिवाय 'रोग आहे' म्हणू नये. २०१८ पासूनच्या राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात दोन्हींची औषधं मोफत आहेत. सी चा कोर्स बहुतेकांना १२ आठवड्यांचा, बी ची गोळी अनेकांना वर्षानुवर्षं. त्यामुळे नुसतं कळवून भागत नाही, चिठ्ठी देऊन पेशंट सरकारी उपचार केंद्रापर्यंत पोहोचला का ते पाहावं. गरोदर बाई एचबीएसएजी पॉझिटिव्ह असेल तर प्रसूतीच्या ठिकाणी आधीच सांगा. बाळाला २४ तासांत बी ची लस आणि इम्युनोग्लोब्युलिन (तयार अँटिबॉडींचं इंजेक्शन) लागतं.

डॉक्टरला वाटतं लॅब कळवेल, लॅबला वाटतं डॉक्टर कळवेल, आणि केस राहून जाते. 'पी' आणि 'एल' वेगवेगळे मोजले जातात, दोघांनी कळवलं तरी चालतं. पोर्टल अडलं तर शहरातल्यांनी महापालिकेच्या आरोग्य विभागाला, इचलकरंजीकरांनी त्यांच्या महापालिकेला आणि खेड्यातल्यांनी प्राथमिक आरोग्य केंद्राला किंवा तालुका आरोग्य अधिकाऱ्यांना फोन करावा. नोंद संध्याकाळी चढवता येते.