तात्या आजोबांच्या नावावर आमचे 61,400 रुपये गेले

आकडे आधी लिहिते. 1,500, मग 4,800, मग 12,500, मग 18,600 आणि शेवटी 24,000. एकूण 61,400 रुपये. फेब्रुवारी ते मे 2025 या काळात पाच वेळा मी माझ्या हाताने, माझ्याच फोनवरून, माझा पिन टाकून हे पैसे पाठवले. हे लिहिताना लाज वाटते. पण आमच्या भागातल्या निम्म्या घरांतून कुणी ना कुणी मागच्या महायुद्धात गेलेलं आहे आणि त्यांचे सर्व्हिस रेकॉर्ड मिळवून देतो म्हणून फसवणारा हा माणूस अजून फिरतो आहे, म्हणून लिहिते.

तात्या आजोबा म्हणजे माझ्या वडिलांचे, अण्णांचे, सख्खे चुलते. 1940 साली विशीत मराठा पलटणीत भरती झाले. बेळगावला ट्रेनिंग झालं, मुंबईहून बोटीत बसले आणि परत आले नाहीत. घरात माहीत होतं ते एवढंच: दुसरी बटालियन, तोब्रुक, आणि 'मिसिंग' म्हणून आलेली तार. 21 जून 1942 ला लिबियातलं तोब्रुक जर्मन सेनापती रोमेलच्या हाती पडलं तेव्हा पाचव्या मराठा लाइट इन्फन्ट्रीची दुसरी बटालियन तिथेच होती, अकराव्या हिंदी ब्रिगेडमध्ये. हजारो जण कैद झाले आणि त्यांतले कितीतरी पुढे इटलीतल्या छावण्यांत गेले. हे गावातल्या परत आलेल्या जवानांकडून पणजीच्या कानावर आलं असणार. ती 1969 साली गेली. तोपर्यंत तिचं एकच वाक्य असायचं, "पोरगं इटलीत असंल." अण्णा तिच्या मांडीवर वाढले. आज ते 84 वर्षांचे आहेत आणि त्यांनी आयुष्यात माझ्याकडे मागितलेली ही एकच गोष्ट: तात्यांचं काय झालं ते बघ.

कागद होते. पत्र्याच्या ट्रंकेत तार होती, तिकडून आलेली चार पत्रं होती, पणजीच्या पेन्शनीचं काहीतरी होतं. 2019 च्या महापुरात कृष्णेचं पाणी माळ्यापर्यंत चढलं आणि ट्रंकेत लगदा उरला. वाचलं ते एक गोल मेडल. एका बाजूला राजाचं डोकं, दुसऱ्या बाजूला सिंह.

त्या माणसाचा नंबर भावकीच्या ग्रुपवर फिरत आलेल्या एका मेसेजमध्ये होता. 'पहिल्या व दुसऱ्या महायुद्धातील मराठा जवानांचे सर्व्हिस रेकॉर्ड मिळवून देतो.' खाली फेट्यातल्या जवानांचा जुना फोटो. मी फोन केला. "जय हिंद ताई" म्हणाला, आपण निवृत्त सुभेदार आहोत, रेकॉर्ड ऑफिसात नोकरी झाली आहे, हे काम सेवा म्हणून करतो. मग प्रश्न विचारत गेला आणि मी सांगत गेले. गाव, तालुका, भरतीचं साल, बटालियन, तोब्रुक, तार. पणजीचं इटलीचं वाक्यसुद्धा सांगितलं. बोलताना माझा आवाज भरून आला होता आणि तो पलीकडे गप्प राहून ऐकत होता. तेव्हा मला ते माणुसकीचं वाटलं. तो लिहून घेत होता.

त्याच्याकडे तात्या आजोबांबद्दल एक शब्दही नव्हता. आमच्याच घरातली माहिती त्याने चार महिन्यांत आम्हाला 61,400 रुपयांना विकली. अशा कुणाशी बोलायची वेळ आलीच तर फक्त नाव आणि गाव सांगा, आणि बाकीचं त्याला सांगू द्या.

1,500 नोंदणीचे. 4,800 शोध शुल्क. 12,500 कशाचे, तर 'फाइल लंडनला आहे, तिथून प्रत मागवावी लागेल'. इथे मला ठाऊक नव्हतं आणि बहुतेकांना नसतं, म्हणून स्पष्ट सांगते. हिंदी फौजेतल्या साध्या जवानांची सेवापत्रं लंडनला गेलीच नाहीत, ती त्या त्या रेजिमेंटच्या अभिलेख कार्यालयांकडे इथेच राहिली. लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत इंडिया ऑफिसचं जे दप्तर आहे त्यात माणसामाणसाची कागदपत्रं प्रामुख्याने अधिकाऱ्यांची आहेत. शिपायाची फाइल लंडनहून आणतो म्हणणाऱ्याचा फोन तिथेच ठेवा. पैसे प्रत्येक वेळी वेगळ्या क्यूआर कोडवर आणि वेगळ्या माणसाच्या नावावर जात होते. मी विचारलं होतं. "ऑफिसच्या खात्याचं ऑडिट चालू आहे ताई" हे उत्तर मिळालं आणि मी ते घेतलं.

मार्चच्या तिसऱ्या आठवड्यात कागद आला. याच्याबद्दल मला जास्त लिहायचं आहे, कारण मी इथे थांबले असते तर 42,600 रुपये वाचले असते.

जाड पिवळट कागद, इंग्रजी मजकूर, गोल शिक्का, सही. वर लिहिलं होतं, रेकॉर्ड ऑफिस, मराठा लाइट इन्फन्ट्री, बेळगावी. तारीख 1946 ची. खाली गावाचं नाव, तालुका तासगाव, जिल्हा सांगली. तोब्रुकला कैद, इटलीतल्या छावणीत डिसेंबर 1942 मध्ये मृत्यू. मेडलं तीन: आफ्रिका स्टार, इटली स्टार, वॉर मेडल.

मी बावीस वर्षं शाळेत इतिहास आणि भूगोल शिकवते. 1946 साली सांगली नावाचा जिल्हा नव्हता. आमचा तालुका सातारा जिल्ह्यात होता. 1949 मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि त्याचं नाव सांगली झालं 1960 मध्ये. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहिते. बेळगावचं बेळगावी झालं ते 1 नोव्हेंबर 2014 ला, तेव्हा पेपरात किती दिवस तेच चाललं होतं. त्या काळी इंग्रजीत रेजिमेंटच्या नावाचं स्पेलिंग 'महरट्टा' (Mahratta) असं करत आणि आधी पाचवा क्रमांक असे. इटली स्टार तर 11 जून 1943 पासूनच्या मोहिमेसाठीचा, डिसेंबर 1942 मध्ये छावणीत वारलेल्या माणसाला तो मिळेल कसा? एका पानावर चार खोट्या गोष्टी होत्या आणि त्यांतल्या दोन ओळखायला मला पुस्तकही उघडावं लागलं नसतं.

मी वाचलंच नाही. खरंच वाचलं नाही. 'इटली' हा शब्द दिसला आणि पुढचं काही डोळ्यांत शिरलं नाही. मी कागद तसाच घेऊन अण्णांकडे गेले आणि म्हणाले, "आजी बरोबर सांगत होती." ते लहान मुलासारखे रडले. त्या क्षणी जिल्ह्याचं नाव तपासत बसायला मला सुचलं नाही, आणि कुणाला सुचलं असतं असं मला वाटत नाही. लोक आता म्हणतात, शिकलेली बाई असून कशी फसली. त्यांच्या घरात सत्तावीस वर्षं दाराकडे बघत बसलेली म्हातारी नव्हती. त्याला नेमकं माहीत होतं की मी कुठल्या शब्दापाशी वाचायची थांबेन, कारण तो शब्द मीच त्याला दिला होता.

18,600 मेडलांच्या 'सरकारी नकला' आणि फ्रेमचे. नकला आल्या नाहीत. कागदाची फ्रेम आम्हीच करून घेतली, अण्णांनी ती देवघराशेजारी लावली. शेवटचे 24,000 वेगळे होते. ब्रिटिश सरकारकडून वारसांना थकबाकी म्हणून 3,86,000 रुपये मंजूर झालेत, आधी मुद्रांक शुल्क भरा, असं त्याने सांगितलं. यावर हाव म्हणणाऱ्यांना सांगते की त्या पैशांत गावच्या शाळेला तात्या आजोबांच्या नावाची खोली बांधायचं अण्णांनी ठरवलं होतं. पण हेही खरं की असली थकबाकी ही जुनी थाप आहे, आधी पैसे भरा म्हणजे मोठी रक्कम मिळेल हे सगळ्यांना ठाऊक असतं, मलाही होतं.

उलगडा केला तो शेजारच्या गल्लीतल्या हवालदार काकांनी. मे संपताना अण्णांना भेटायला आले, फ्रेमपुढे उभे राहून चष्मा लावला आणि म्हणाले, "बाई, मी त्याच रेजिमेंटचा. 1994 ला पेन्शन आलो. माझ्या डिस्चार्ज बुकात बेळगाव हाय. तुमच्या तात्यांच्या कागदात 1946 ला बेळगावी कसं?" मी तिथेच उभी होते. एका मिनिटात सगळं पान दिसलं, सांगली, स्टार, सगळं. फोन लावला, नंबर बंद.

आता पुढचं ऐका. त्याच संध्याकाळी सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार दिली आणि दुसऱ्या दिवशी पोलीस ठाण्यात गेले. सोबत पाच व्यवहारांचे क्रमांक, सगळ्या चॅटच्या प्रिंट, खोटा कागद. ठाणे अंमलदारांनी पहिला प्रश्न विचारला, "ऐंशी वर्षांपूर्वी मेलेल्या माणसासाठी एवढे पैसे कशाला घालवले?" हा प्रश्न मी आयुष्यात विसरणार नाही. मग सांगितलं, खाती दुसऱ्या राज्यातली, आमची हद्द नाही. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम 173 सांगतं की दखलपात्र गुन्हा कुठेही घडलेला असो, त्याची माहिती कोणत्याही ठाण्याला नोंदवून घ्यावी लागते. फसवणुकीचं कलम 318(4) दखलपात्र आहे. मला तेव्हा हे ठाऊक नव्हतं, तुम्ही लिहून घेऊन जा. मला साध्या अर्जाची पोच दिली, तीही तिसऱ्या खेपेला, तीही मागून. जिल्ह्याला जा म्हणाले, जिल्ह्याला गेले. तिथे सांगितलं ठाण्यातून पत्र आणा. ठाण्यात साहेब बंदोबस्ताला. पुन्हा जिल्ह्याला, तर ज्यांच्याकडे अर्ज होता त्यांची बदली. शाळेतल्या सात रजा यात गेल्या. एकदा अण्णांना घेऊन गेले, निदान वय बघून तरी कुणी ऐकेल म्हणून. दोन तास बाकावर बसवलं आणि उद्या या म्हणाले.

बँकेत त्याहून वाईट. "मॅडम, पिन तुम्हीच टाकलाय." हो, मीच टाकलाय, फसवणूक म्हणतात ती यालाच ना? ज्या खात्यांत पैसे गेले ती उघडताना कुणीतरी कागद तपासले असतील की नाही? माझं खातं उघडताना तीन पुरावे मागितले होते. याचं उत्तर कुणी दिलं नाही. शेवटी कळलं की पाचपैकी एका खात्यात 2,140 रुपये गोठवले आहेत, बाकी त्याच दिवशी काढले गेले. ते 2,140 मिळवायला कोर्टाचा आदेश आणा म्हणतात. पैसे गेल्याचं लक्षात येताच, त्याच तासात, 1930 ला फोन करा. मी शेवटचे पैसे पाठवल्यावर पंचवीस दिवसांनी केला. बँकेने 30 दिवसांत समाधानकारक उत्तर दिलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे तक्रार करता येते, ती मी केली आहे.

हवालदार काकांनीच नंतर मेडल हातात घेतलं आणि कडेवरची माती नखाने काढली. कडेला नंबर, हुद्दा, नाव आणि रेजिमेंट कोरलेलं होतं. दुसऱ्या महायुद्धाची मेडलं ब्रिटिश जवानांना कोरी दिली, हिंदी जवानांच्या मेडलांवर मात्र नाव घातलेलं असतं. त्या माणसाला मी मेडलच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवले होते, कडेचा नाही. त्याच्या कागदावरचा नंबर अर्थातच वेगळा होता. घरात मेडल असेल तर आज त्याची कड बघा. कुणालाही एक रुपया देण्याआधी ती बघा.

तो नंबर घेऊन मी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशनच्या संकेतस्थळावर शोधलं. मेलेल्या जवानांच्या त्या नोंदी कुणालाही फुकट बघता येतात. आधीही मी तिथे गेले होते, पण आपली आडनावं साहेबांनी कानावर पडली तशी लिहिली आहेत, त्यामुळे आडनावाने काही सापडलं नव्हतं. नंबर टाकल्यावर दोन मिनिटांत सापडलं. आमच्या आडनावातली दोन अक्षरं इकडची तिकडे, बापाचं नाव बरोबर, गाव बरोबर, पुढे 'सातारा, इंडिया'. मृत्यू जून 1942. नाव अलामेनच्या स्मारकावर, म्हणजे इजिप्त आणि लिबियाच्या लढाईत गेलेले आणि ज्यांची समाधी माहीत नाही असे जे आहेत, त्यांच्यात.

बाकी तपशिलासाठी बेळगावच्या अभिलेख कार्यालयाला माहिती अधिकाराचा अर्ज पाठवला आहे. त्याची फी 10 रुपये, पोस्टल ऑर्डरने. दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचं अभिलेख पटल हे संकेतस्थळही आहे, नोंदणी मोफत आहे, युद्धकाळातल्या लष्करी खात्याच्या फायली तिथे चाळता येतात. यांतलं काहीही कुण्या सुभेदाराच्या फोनशिवाय होतं.

कागद खोटा आहे हे अण्णांना मी सांगितलं. पैशांचा आकडा अजून सांगितलेला नाही. त्यांनी फ्रेम स्वतः उतरवली, कागद काढून माझ्या हातात दिला, पुरावा म्हणून ठेव म्हणाले. मग अलामेनच्या नोंदीचा प्रिंट दोनदा वाचायला लावला. जून 1942 असं दोन्ही वेळा ऐकलं. बराच वेळ गेल्यावर विचारलं, "म्हणजे आजी बसली होती तेव्हा तात्या कधीच गेलेले होते?"

मी हो म्हणाले.