‘ऑटो ॲडव्हान्स नवीन टाकलाय साहेब’

जुन्या कास्ट आयर्न बुलेटचं इंजिन काम काढणाऱ्यांसाठी हे लिहितोय. पिस्टन, बोअर, बिग एंड यात फसवणं मिस्त्रीला जड जातं. मापं असतात, लेथवाला साक्षीला असतो, आवाजही चुगली करतो. फसवतात ते आपण कधी उघडून बघत नाही तिथे, म्हणजे पॉइंटच्या (उघडून ठिणगी पाडणारा स्विच) प्लेटखाली बसणाऱ्या ऑटो ॲडव्हान्समध्ये. वेग वाढला की वजनं आणि स्प्रिंगांच्या जोरावर ठिणगी लवकर पाडणारं हे युनिट.

आमची गाडी वडिलांच्या वेळची, पॉइंटवाली ३५०. पुण्यातल्या एका गॅरेजात (नाव लिहीत नाही) इंजिन पूर्ण उतरवलं. बिलात एक ओळ होती: ‘ऑटो ॲडव्हान्स नवीन, २२०० रु.’ जुन्याची वजनं खुळखुळत होती म्हणे. जुना भाग मागितला, तर ‘भंगारात गेला’.

गार गाडी सुरेख सुरू व्हायची. गरम झाली की मात्र अँपिअरचा काटा मधे आणून, डीकॉम्प्रेसर (सिलिंडरातला दाब सोडणारा खटका) दाबून, सगळं शिस्तीत करूनही किक उलटी यायची. घोटा सुजला. तक्रार केली तर उत्तर मिळालं, ‘बुलेट आहे साहेब, लाथ मारणारच.’ पुन्हा गेलो तेव्हा गॅरेजवाल्याने ठिणगीचं टायमिंग मागे घेऊन दिलं. लाथ थांबली, पण खंबाटकी चढताना गाडीचा दमच निघाला आणि सायलेन्सरचा बेंड पाइप निळा पडला.

शेवटी नाना पेठेकडच्या एका म्हाताऱ्या मिस्त्रींनी माझ्यासमोर पॉइंटचं झाकण काढलं. पॉइंट उघडणारा कॅम बोटांनी फिरवून सोडला. तो टपकन मागे यायला हवा होता, हा अर्ध्यात थांबला. युनिट बाहेर काढलं तर वजनं बफिंग करून चकचकीत. वजनं उचलल्यावर खालच्या प्लेटवर चंद्रकोरीसारखा घासलेला खड्डा, त्यात जुनं काळं ग्रीस तसंच. पिनांची भोकं लांबट झालेली. एका स्प्रिंगचा आकडा (हूक) निम्म्यापर्यंत कापला गेलेला. नवीन म्हणून विकलेला भाग हा!

लाथेचं कारणही तिथेच होतं. इंजिन पळू लागलं की वजनं बाहेर फेकली जातात, कॅम पुढे सरकतो आणि ठिणगी लवकर पडते. इंजिन थांबलं की स्प्रिंगांनी ती परत ओढायची. आमची परत येतच नव्हती, म्हणजे किक मारताना ठिणगी पळत्या गाडीच्या हिशेबाने आधीच पडायची. टायमिंग मागे घेऊन गॅरेजवाल्याने हे झाकलं, पण मग वरच्या वेगाला ठिणगी कायम उशिरा. दम गेला तो त्यामुळे.

आणखी एक गोष्ट. पिस्टन वर पोचण्याआधी ०.८ मिमीवर ठिणगी, हे माप कॅम पूर्ण मागे असतानाचं आहे. कॅम मागेच येत नसेल तर पॉइंटमध्ये सिगारेटचा कागद धरून (पॉइंट उघडला की तो सुटतो) कितीही बारकाईने टायमिंग लावा, ते चुकीचंच लागणार. म्हणून आधी कॅम फिरवून सोडून बघा, मग माप. कॅम आडवा हलवून बघा, प्ले (ढिलेपणा) असेल तर पॉइंटचा गॅप (०.३५ ते ०.४० मिमी) लावलेल्या ठिकाणी टिकत नाही. अशा वेळी युनिटबरोबर बुशही (दांडा ज्यात फिरतो ती नळी) तपासायला लावा, नाहीतर नव्या युनिटचेही हाल तेच. सुटी वजनं हातात देऊन कोणी ‘बघा, नवीन’ म्हणालं तर वजनांकडे बघूच नका. प्लेट, पिना, भोकं आणि स्प्रिंगचे आकडे बघा. वजनाला पॉलिश मारता येतं, लांबट भोक गोल करायला कष्ट पडतात.

मला जास्त झोंबलं ते वेगळंच. आमच्या मूळ युनिटच्या प्लेटवर वडिलांनी पंचने दोन ठिपके मारले होते. या प्लेटवर ते नव्हते. म्हणजे गाडीत बसवलेला भाग नवा तर नव्हताच, आमचाही नव्हता. कुठल्यातरी तिसऱ्याच गाडीचं भंगार होतं. आमचा एनफील्डच्या तिरुवोट्टियूरच्या (मद्रासजवळच्या) कारखान्यातून गाडीबरोबर आलेला. असा मूळ माल ‘ओरिजिनल’ म्हणून चढ्या भावाने खपतो, त्यामुळे तो भंगारात गेला यावर माझा काडीचा विश्वास नाही.

गॅरेजवाल्यासमोर युनिट ठेवलं तर म्हणतो, ‘मार्केटमध्ये हल्ली असाच माल येतो.’ काळ्या ग्रीससकट? यावर तो पोराला चहा आणायला सांगून आत गेला. बरीच वादावादी झाल्यावर युनिटचे पैसे परत दिले, मजुरीचे नाहीत. मूळ भाग शेवटपर्यंत दिला नाही. तुम्ही जुनं ‘ओरिजिनल’ युनिट विकत घेतलं असेल आणि त्याच्या प्लेटवर पंचचे दोन ठिपके असतील, तर तुम्हाला ते कोणी विकलं एवढं मला सांगा.