नवं कव्हर, जुना ओला फोम: बोटीच्या सीटच्या कामात झालेली फसवणूक

१५ किलो. १२० सेंटिमीटर लांब, ५० रुंद आणि १० जाड अशी बोटीची एक बैठक 'नवी' होऊन परत आली, ती उचलायला दोन माणसं लागली, आणि तरीही उरलेले पैसे तिथल्या तिथे चुकते केले. हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच.

त्या मापाचा फोम म्हणजे ०.०६ घनमीटर. ४० डेन्सिटीचा, म्हणजे घनमीटरला ४० किलोचा, धरला तर २.४ किलो. १२ मिलिमीटरचं प्लाय साडेचार ते पाच किलो, वरचं व्हिनाइल, म्हणजे प्लास्टिकचा थर दिलेलं कापड, साधारण एक किलो. ओढूनताणून साडेआठ. मग वरचे साडेसहा किलो कशाचे? कारागीर म्हणाला, "हाय डेन्सिटी आहे साहेब, जड असणारच." हे पटलं, कारण त्यात अर्धं खरं आहे. २८ ऐवजी ४० डेन्सिटीचा फोम घातला की वजन वाढतंच. किती? ७२० ग्रॅम. हा गुणाकार तोंडी जमत असून तिथे उभं राहून केला नाही, याची चीड त्या माणसावरच्या चिडीपेक्षा जास्त आहे. ते साडेसहा किलो पाणी होतं.

बिल असं: चार बैठका, टेकायच्या चार पाठी, कापड १३ मीटर, फोम नवा, प्लाय नवं. ७० टक्के आगाऊ, ३० टक्के ताबा घेताना. काम तिसऱ्या दिवशी तयार. खरं तर तेही खटकायला हवं होतं. आठ नग उसवायचे, जुन्या कव्हरवरून माप काढून कापायचे, शिवायचे, प्लायच्या कडांना पाणी अडवणाऱ्या इपॉक्सीचे दोन हात देऊन सुकवायचं, हे तीन दिवसांचं काम नव्हे. पण वेळेआधी मिळालेल्या वस्तूवर संशय कोण घेतो?

पाच आठवड्यांनी एका कोपऱ्याची शिलाई दोन बोटं उसवली आणि पांढऱ्या कव्हरच्या खालच्या कडेने तांबूस ओघळ आले. मग सीट उलटी केली. खाली काळं कापड नीट ताणून ठोकलेलं. ते काढल्यावर सगळा खेळ कळला. प्लाय जुनंच, फक्त काळा रंग मारलेलं. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर बिस्किटासारखा आत गेला. फोम जुना, भिजलेला, त्यावर १२ मिलिमीटरची नवी फोमची पट्टी चिकटवलेली, म्हणजे वरून दाबलं की नवा लागावा. आणि हा सगळा ऐवज पॉलिथिनमध्ये गुंडाळून चारी बाजूंनी टेप मारून बंद. वरून कीर्तन, आतून तमाशा.

पॉलिथिन वापरणं चूक नाही. चांगले कारागीरही वापरतात, शिलाईच्या भोकांतून झिरपणारं पाणी फोमपर्यंत जाऊ नये म्हणून. पण ते वर आणि बाजूंना. तळ उघडा ठेवतात आणि प्लायला १० मिलिमीटरची चार-पाच भोकं पाडतात, म्हणजे आत गेलेलं पाणी खाली उतरतं. इथे उलटं: पाणी आधीच आत, आणि दार बंद. त्यामुळेच ताबा घेताना एक थेंबही गळला नाही.

कापडाचा हिशोब बघा. एका नगाची वरची बाजू ०.६० चौरस मीटर, चार कडा ०.३४, खाली दुमडायला पाच सेंटिमीटर धरले तर ०.१७. एकूण १.११. आठ नगांचे ८.८८, त्यावर कापणी आणि शिलाईची दाब मिळून २० टक्के, म्हणजे १०.६६. रोलची रुंदी १३७ सेंटिमीटर, म्हणजे पावणेआठ मीटर, घ्या ८. बिलात १३. आणि प्रत्यक्षात सहाच मीटर वापरलं, कारण चारपैकी दोन पाठींना नवं कव्हर घातलंच नव्हतं! जुन्यावर व्हिनाइलच्या रंगाचा फवारा. जुन्या टाक्यांच्या खाचांत रंग साचून गाठी झालेल्या होत्या, नखाने खरवडल्या की निघत. पाठीची कड बोटांत धरून दुमडा. फवारा असेल तर घडीवर बारीक रेघा फुटतात.

उरलेल्या सहा नगांवर होतं ते मरीन व्हिनाइल नव्हतंच. साधं रेक्झिन. फरक पुढून दिसत नाही, मागून दिसतो. मरीन व्हिनाइलला मागे पॉलिस्टरचं विणलेलं, होजियरीसारखं ताणलं जाणारं अस्तर असतं, आणि वरच्या थरात ऊन व बुरशी सोसणारी रसायनं. या रेक्झिनला मागे सुती अस्तर, ताणलं तर जवळजवळ ताणतच नाही. अस्तराचा एक धागा काढून जाळा. सुती धागा कागदासारखा जळून राख होते, पॉलिस्टर वितळून त्याचा कडक मणी बनतो. सुती अस्तर ओलं राहिलं की कुजतं, आणि रेक्झिनमधला मऊपणा उन्हाने उडाला की ते तडकतं. विकणारा नेहमी पुढची बाजूच दाखवतो. नमुना हातात घेऊन उलटा करा, लाज वाटू देऊ नका.

कव्हर प्लायला ठोकणाऱ्या पिना गॅल्व्हनाइज्ड, म्हणजे जस्ताचा मुलामा दिलेल्या लोखंडाच्या होत्या, तांबूस ओघळ त्यांचेच. लोहचुंबक लावून बघा, पण नीट बघा: स्टेनलेसची पीनसुद्धा तार ओढताना झालेल्या ताणामुळे किंचित चिकटू शकते. टक्कन उडी मारून चिकटली तर समजा, स्टेनलेस नाही. शंका असेल तर दोन पिना रात्रभर मिठाच्या पाण्यात ठेवा. साध्या पिनेवर पांढरी भुकटी किंवा गंज दिसू लागतो. १२ मिलिमीटरच्या प्लायला ८ ते १० मिलिमीटरची पीन आणि दोन पिनांत २० ते २५ मिलिमीटर अंतर हवं. इथे अंतर होतं ६०.

दोरा साधा सुती. हवा होता उन्हात टिकणारा जाड बॉन्डेड पॉलिस्टर. नायलॉन मजबूत म्हणून गळ्यात मारतात, तेही घेऊ नका, उन्हात ते लवकर दुबळं होतं. टाकेही दोन-दोन मिलिमीटरचे. बारीक टाका म्हणजे सफाई असं वाटतं ना? व्हिनाइलवर बारीक टाका म्हणजे पोस्टाच्या तिकिटांच्या भोकांची रांग, ताण आला की तिथूनच फाटतं. चार ते पाच मिलिमीटरचा टाका हवा. कोपरा उसवण्याचं कारण हेच.

"एवढं कळत होतं तर फसलात कसे?" हा प्रश्न ऐकून कान किटले. शिवून, ताणून, पिना ठोकून बंद केलेली सीट बाहेरून ओळखणारा माणूस दाखवा. डॉक्टरला नुसतं पोटाकडे बघून अपेंडिक्स दिसतो का? वजन मात्र दिसत होतं, ते मान्य.

आता तक्रारीचं. पहिल्या कार्यालयात सांगितलं, बिलावर 'सीटचं कापड' लिहिलंय, 'मरीन व्हिनाइल' कुठे लिहिलंय? मग हा फसवणुकीचा नाही, दर्जाचा वाद. दर्जाच्या वादासाठी दुसरीकडे. दुसरीकडे अर्जात वस्तूचा प्रकार निवडायचा: 'वाहन', 'फर्निचर' किंवा 'इतर'. 'फर्निचर' निवडलं तर शेरा आला, वस्तू वाहनाचा भाग आहे. 'वाहन' निवडलं तर नोंदणी क्रमांकाच्या चौकटीत बोटीचा क्रमांक बसेना. बोटींची तपासणी करणाऱ्यांनी सांगितलं, आम्ही लाइफ जॅकेट, अग्निशामक आणि इंजिन बघतो, गाद्या नाही. शेवटी 'इतर'. तिथे तज्ज्ञाचा लेखी अहवाल मागितला. तज्ज्ञ म्हणजे दुसरा कारागीर, आणि तो कागदावर सही करून धंद्यातल्या माणसाविरुद्ध का लिहील? तोंडाने चौघे म्हणाले, "काम वाईट आहे." लिहून द्यायला एकही नाही. मग उसवलेली सीटच टेबलावर नेऊन ठेवली. साहेबांनी नाकाला रुमाल लावून विचारलं, ही उघडली कोणी? तुम्हीच ना? मग हा पुराव्यातला फेरफार. न उघडता आत काय आहे ते कळणार कसं, याचं उत्तर पाच खेपांत कोणी दिलं नाही. ४३व्या दिवशी संदेश आला: 'तक्रारदाराचे समाधान झाल्याने प्रकरण बंद.'

सीट देताना प्लायच्या आतल्या बाजूला आणि फोमच्या पोटात पक्क्या शाईने खूण करा, फोटो काढा. सामान तोलायच्या हातकाट्यावर प्रत्येक नग जाताना आणि येताना तोला. जुनी कव्हरं परत मागा. ती मिळाली नाहीत तर ती काढलीच नसण्याची शक्यता मोठी. खालचं काळं कापड एका कोपऱ्यात न ठोकता द्यायला सांगा, नकार आला तर काम देऊ नका. बिलावर कापडाचा प्रकार, मीटर, फोमची डेन्सिटी, प्लायची जाडी, पिनांचा धातू हे सगळं लिहून घ्या, नाहीतर 'सीटचं कापड' वाचावं लागेल. निदान ३० टक्के रक्कम चांगला पाऊस किंवा पाण्याच्या पाइपचा मारा खाऊन झाल्यावर द्या.

एक बैठक फेरफाराचा आरोप नको म्हणून अजून उघडलेली नाही. काल तोलली, १४.६ किलो भरली. मधोमध तळहाताएवढा गुलाबी डाग उमटलाय. आतल्या ओलीत वाढणाऱ्या जिवाणूंचा हा रंग व्हिनाइलच्या पोटातून वर येतो, साबणाने जात नाही, आणि ब्लीच लावलं तर डागाआधी शिलाई जाते. तीन आठवड्यांपूर्वी तो नाण्याएवढा होता.