पीएचपीतले स्थिरांक: ‘डिफाइन’ने लिहावेत की ‘कॉन्स्ट’ने?

पेडण्यापासून काणकोणपर्यंतच्या गेस्टहाऊसांची बुकिंगे आणि बिले सांभाळणारा प्रोग्राम पीएचपी या वेबसाठीच्या प्रोग्रामिंग भाषेत लिहायला घेतला, की पहिल्याच फाइलीत प्रश्न उभा राहतो: चेक-इनची वेळ, एका खोलीतील पाहुण्यांची कमाल संख्या, बिल क्रमांकाच्या आधीची अक्षरे अशी न बदलणारी मूल्ये, म्हणजेच स्थिरांक, ‘डिफाइन’ने नोंदवावीत की ‘कॉन्स्ट’ने? माझे मत आधीच सांगतो. ‘कॉन्स्ट’ नेहमीसाठी वापरावा आणि ‘डिफाइन’ अडेल तेथेच.

‘डिफाइन’ हे फंक्शन, म्हणजे नावाने बोलावता येणारा कोडचा तुकडा, आहे. ते प्रोग्राम चालू असताना अमलात येत असल्यामुळे ‘इफ’च्या, म्हणजे अटीच्या, आत लिहिता येते आणि दुसऱ्या फंक्शनकडून आलेले मूल्यही त्याला देता येते. चाचणीच्या सर्व्हरवर एक फोल्डर आणि प्रत्यक्ष सर्व्हरवर दुसरे, अशी निवड करायची असेल तर त्याला पर्याय नाही. ‘कॉन्स्ट’ हा भाषेचाच शब्द असून त्याची व्याख्या कोड कंपाइल होतानाच, म्हणजे चालण्याआधी त्याचे रूपांतर होतानाच, ठरते. म्हणून तो ‘इफ’, लूप (पुनरावृत्ती) किंवा फंक्शनच्या आत चालत नाही. त्याच्या बदल्यात तो नेमस्पेसचे (नावे एकमेकांत मिसळू नयेत म्हणून केलेल्या कप्प्याचे) बंधन आपोआप पाळतो, तर ‘डिफाइन’चे नाव, त्यात नेमस्पेस मुद्दाम लिहिल्याशिवाय, थेट संपूर्ण प्रोग्रामच्या सामाईक (ग्लोबल) यादीत जाते. ऍरे, म्हणजे अनेक मूल्यांची यादी, दोघांनाही चालतो: ‘कॉन्स्ट’ला पीएचपीच्या आवृत्ती 5.6 पासून, ‘डिफाइन’ला 7.0 पासून.

खरा फरक क्लासमध्ये, म्हणजे संबंधित माहिती आणि फंक्शने एकत्र बांधणाऱ्या साच्यात, दिसतो, कारण तेथे ‘डिफाइन’ला प्रवेशच नाही. 7.1 पासून क्लासमधील स्थिरांक खाजगी (क्लासबाहेरून न दिसणारा) ठेवता येतो, 8.3 पासून त्याचा प्रकारही ठरवून देता येतो. खोलीची स्थिती ‘रिकामी’, ‘आरक्षित’ किंवा ‘दुरुस्तीत’ यांपैकीच असणार असेल, तर मात्र 8.1 मध्ये आलेला ‘ईनम’, म्हणजे ठरावीक पर्यायांचाच प्रकार, या दोघांहून सरस आहे.

मार्ग कोणताही घ्या, पण आवृत्ती 8 किंवा त्यापुढची असावी. एका जुन्या सर्व्हरवर माझ्याकडून कराच्या स्थिरांकाच्या नावात एक अक्षर चुकले होते. तेव्हाची पीएचपी अनोळखी नावाला साधी अक्षरमाला (स्ट्रिंग, म्हणजे नुसता मजकूर) समजत असे, आणि गुणाकारात तिची किंमत शून्य धरली गेली. इशारे बंद ठेवलेले असल्यामुळे बिले बिनबोभाट छापली जात होती आणि कराच्या रकान्यात 0.00 उमटत होते. आवृत्ती 8.0 पासून अशा चुकीवर एरर येऊन प्रोग्राम तेथेच थांबतो.

या प्रसंगानंतर मी कराचा दर स्थिरांकात ठेवणेच सोडले, आणि आपणही ठेवू नये असे कळकळीने सांगतो. 22 सप्टेंबर 2025 पासून दिवसाला 7,500 रुपयांपर्यंतच्या खोलीवरील जीएसटी 12 टक्क्यांवरून, इनपुट टॅक्स क्रेडिटविना (खरेदीवर भरलेल्या कराची वजावट न मिळता), 5 टक्क्यांवर आला. ज्यांनी 12 हा आकडा स्थिरांकात ठेवला होता, त्यांनी तो 5 केला की त्या तारखेपूर्वीचे बिल पुन्हा छापतानाही 5 टक्क्यांचाच हिशेब निघणार. दर डेटाबेसच्या तक्त्यात लागू होण्याच्या तारखेसह नोंदवावा. स्थिरांकात फार तर त्या तक्त्याचे नाव ठेवावे.