पोट दुखतंय म्हणून आणली होती

या हॉस्पिटलला पाचपैकी चार स्टार. एक का कापला ते खाली सांगते.

माझ्या दिराला एकतिसाव्या वर्षी मायोकार्डायटिस झाला होता, म्हणजे हृदयाच्या स्नायूला सूज. तापानंतर छातीत कळा, ईसीजी हार्ट अ‍ॅटॅकसारखा, ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूला इजा झाली की रक्तात वाढतं ते) वाढलेलं, पण अँजिओग्राफी साफ. एमआरआयमध्ये सूज दिसली. पाचव्या दिवशी चालत घरी आला. त्यामुळे हा आजार म्हणजे छातीत दुखणार, हे माझ्या डोक्यात पक्कं.

लेक चार वर्षांची, वजन 15 किलो. आठवडाभर सर्दी, मग उलट्या आणि "आई, पोतात दुखतंय." घराजवळ एका ठिकाणी पोट बिघडलंय म्हणून सलाईन लावलं, तर पोरगी आणखीच मलूल. रात्री दहाला इथे कॅज्युअल्टीत आणली. सिस्टरनी दुसरी बाटली टांगलीसुद्धा होती. ड्युटीवरच्या डॉक्टरांनी तिचा फ्रॉक वर करून घड्याळाकडे बघत पूर्ण एक मिनिट नुसते श्वास मोजले. ताप 99, ठोके 170. उजव्या बरगडीखाली बोटं दाबून म्हणाले, "लिव्हर खाली लागतंय, सलाईन थांबवा." हृदय नीट पंप करत नसेल तर लिव्हर फुगतं आणि वरून सोडलेलं पाणी फुफ्फुसात साठतं, हे मला नंतर कळलं. अर्ध्या तासात बेडवरच टू-डी एको, म्हणजे हृदयाची सोनोग्राफी. हृदयाचं पंपिंग फक्त 25 टक्के. हिलाही मायोकार्डायटिसच.

पीआयसीयूच्या (मुलांच्या आयसीयूच्या) डॉक्टर मॅडमनी बसवून समजावलं. एवढ्या लहान मुलांना छातीतलं सांगता येत नाही. पोट दुखतं, धाप लागते, खाणं सुटतं. आणि घसरायला लागली की झपाट्यानं घसरतात, म्हणून एक्मोच्या (हृदय-फुफ्फुसांचं काम बाहेरून करणाऱ्या मशीनच्या) कागदावर आधीच सही घेतली. वेळ आली नाही, देवाची कृपा. एमआरआय दिराचा झाला, हिचा नाही. एवढ्या अशक्त हृदयावर भूल देणं नको म्हणाल्या. इम्युनोग्लोब्युलिनच्या (शिरेतून द्यायच्या अँटिबॉडीजच्या) पाच-पाच ग्रॅमच्या सहा बाटल्या आणायला सांगताना "याचा फायदा ठामपणे सिद्ध झालेला नाही, तरी मुलांना आम्ही देतो," असं तोंडावर सांगितलं. मला हे आवडलं. नवऱ्याला अजिबात नाही.

बाराव्या दिवशी सुट्टी, पंपिंग 48. सहा महिने धावणं-उड्या बंद. दिराचं क्रिकेट बंद करणं सोपं होतं हो, चार वर्षांच्या पोरीला सोफ्यावरून उडी मारू नको म्हणून बघा.

आता कापलेला स्टार. डिस्चार्ज सकाळी अकराला लिहिला, बिल हातात संध्याकाळी सातला. बाहेर आईबापांना बसायला चार लोखंडी खुर्च्या, त्यातली एक मोडकी. आणि खरा राग याचा, की इम्युनोग्लोब्युलिननंतर एमएमआरसारखी (गोवर-गालगुंड-रुबेलाची) लस अकरा महिने लांबवायची असते, हे डिस्चार्ज कार्डावर कुठेच नव्हतं. आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी टोचायच्या आधी फाईल चाळली म्हणून कळलं.